काम सुटल्यावर पीएफ काढून कर्ज फेडावं का?

काढू नका. निदान मालकाच्या वाट्यातून पेन्शनसाठी वेगळ्या जाणाऱ्या भागाला तरी हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की कंत्राट संपलं, दोन हप्ते थकलेत आणि मित्र म्हणतो पीएफ म्हणजे नुसता अडकलेला पैसा. हेच वाक्य आमच्या घरात धाकट्या दिराच्या तोंडी असतं, म्हणून लिहितेय.

माझे सासरे भोसरीतल्या वर्कशॉपांमध्ये लेथवर उभे राहून म्हातारे झाले. काम सुटलं की फॉर्म १९ आणि १०सी दोन्ही भरून मोकळे व्हायचे. १९ने पीएफ मिळतो. १०सीने पेन्शनचे चार पैसे हातात येतात, पण तेवढ्या वर्षांची नोकरी पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. ५८व्या वर्षी बघितलं तर शेवटच्या ठिकाणची जेमतेम आठ वर्षं शिल्लक. पेन्शनला दहा लागतात. उभा जन्म मशीनवर गेला आणि पेन्शन शून्य.

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा नेमकं माझ्या नवऱ्याचं कंत्राट सुटलं होतं. दीर म्हणाला, "दादा, सगळं काढ." मी नको म्हटलं, माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या, लग्न पार पडलं. तरी नातेवाइकांत अजून "वहिनी पैशावर भुजंग होऊन बसली" हेच चालतं. पाटल्या कुणाच्या होत्या, ते कुणी विचारत नाही.

१५ हजार बेसिकवर मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शनला जातात, पीएफला फक्त ५५०. तेवढ्याच बेसिकवर २० वर्षं भरली तर पेन्शन महिना ४,७०० च्या आसपासच. त्यात घर चालत नाही, मान्य. पण नोकरीत असताना माणूस गेला तर बायकोला पेन्शन लागते, आणि तिथे दहा वर्षांची अट नाही. दिराला हे सांगितलं तर म्हणे, वहिनी अभद्र बोलते.

हां, तुमचं कर्ज सावकाराचं, महिना पाच टक्क्यांचं असेल, तर वर्षाला सव्वाआठ टक्के देणारा पीएफ धरून बसण्यात अर्थ नाही. १९ भरा, पेन्शनचे पैसे मागू नका. सायबर कॅफेवाला न विचारता दोन्ही भरतो, शेजारी बसून बघा. नोकरी पाच वर्षांच्या आतली आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, तोही जातो. काढण्याचे नियम मधूनमधून बदलतात, आधी पीएफचं पोर्टल बघा. नवीन काम लागलं असेल तर जुना पीएफ सरळ नव्या खात्यात ट्रान्सफर करा.

आमच्या दिराचे तीन कंत्राटदारांकडचे तीन मेंबर आयडी, म्हणजे तीन वेगळी पीएफ खाती आहेत. ट्रान्सफर एकही केलेला नाही, आणि सल्ले मात्र सगळ्या गल्लीला देतो.