लायसन्स मिळालं, आता हात कुठे ठेवायचे ते शिकवा

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये राहतो. मुलगा १७ वर्षांचा आहे, मागच्या महिन्यात त्याला लायसन्स मिळालं. त्याचा जिवलग मित्र कृष्णवर्णीय आहे. पोरगा गुणी आहे, घरी येतो, माझ्या हातचे पोहे मागून खातो. पण रात्री त्याच्या गाडीतून कुठे जायचं नाही, पोलिसांनी थांबवलं तर नसती आफत, असं ह्यांनी मुलाला बजावलं. मुलगा म्हणाला, "बाबा, यू आर रेसिस्ट." त्याला आठ दिवस झाले, तो ताट घेऊन खोलीत जातो. त्यात दिवाळीनंतर माझे आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत. आम्ही काळजीपोटीच बोललो ना? आमचं काय चुकलं?
– एक आई

उत्तर : काळजी रास्त आहे, तोडगा चुकला. मित्राच्या गाडीत बसला नाही की आपला मुलगा सुरक्षित, असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. आधी तेच तपासू.

सुरेशभाई पटेल हे नाव तुम्ही ऐकलं असेल, कदाचित विसरलाही असाल. ५७ वर्षांचे गृहस्थ, गुजरातेतून नातवाला सांभाळायला मुलाकडे अलाबामातल्या मॅडिसन गावी आले होते. ६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी ते घराजवळच्या फुटपाथवर फिरत होते. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला : एक सडपातळ काळा माणूस फिरतोय, गराजांकडे बघतोय. पोलीस आले. सुरेशभाई "नो इंग्लिश", "इंडिया" एवढंच सांगू शकले, घराचा नंबर सांगितला. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून पाय उडवला आणि त्यांना तोंडावर आपटलं. मानेचं ऑपरेशन झालं, अंग पुरतं सावरलं नाही. सगळं गाडीतल्या कॅमेऱ्यात आहे. राज्याच्या गव्हर्नरांनी माफी मागितली. पोलिसावर फेडरल खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. शहराने २०२१ मध्ये १७ लाख ५० हजार डॉलर देऊन दावा मिटवला.

फोन करणाऱ्याने काय म्हटलं ते परत वाचा. आपण शिकलेले, टॅक्स वेळेवर भरणारे, आपली मुलं स्पेलिंग बी स्पर्धेत. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पोलिसांच्या आपत्कालीन ९११ नंबरला फोन करणाऱ्याला ठाऊक नसतं. पन्नास फुटांवरून आपला रंग कोणता, हे तो ठरवतो.

तेव्हा आईबाबांपासून सुरुवात करू. हा अनुभव आमच्या घरचा आहे. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा पहाटे कानटोपी घालून, मफलर गुंडाळून फिरायला जायचे आणि येताना पूजेसाठी दोनचार फुलं खुडून आणायचे, कुणाच्याही अंगणातली. पुण्यात जन्मभर तेच केलेलं. एक दिवस पोलिसाची गाडी आली. गणवेशातला माणूस दिसताच सासरे अदबीने त्याच्याकडेच चालत निघाले, आणि पत्त्याची चिठ्ठी काढायला त्यांनी स्वेटरच्या खिशात हात घातला. पोलीस ओरडला. सासऱ्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते आणखी पुढे गेले. पोलीस वयस्क होता, सबुरीचा होता, त्याने दोन पावलं मागे घेतली आणि हातातली फुलं पाहिली. घरी येऊन सासरे मजेत सांगत होते, "चांगला माणूस होता हो." माझे पाय मात्र संध्याकाळपर्यंत लटपटत होते.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाच्या गळ्यात दोरीला कार्ड असतं : नाव, घरचा पत्ता, माझा फोन, आणि "मला इंग्रजी येत नाही, ऐकायला कमी येतं" असं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. गळ्यात, कारण खिशात हात घालायचाच नाही. पहिल्या रविवारी त्यांना घेऊन शेजारच्या आठदहा घरांची बेल वाजवायची, ओळख करून द्यायची. दोन लाडू हातावर ठेवले की चेहरा लक्षात राहतो. बाबांना एवढंच पढवा : पोलीस दिसला की जागेवर थांबायचं, दोन्ही तळवे दिसतील असे ठेवायचे, त्याच्याकडे चालत जायचं नाही.

आता मुलाचं. आपल्याला गाडी चालवायला ज्यांनी शिकवलं, त्यांनी पोलीस कसा हाताळायचा तेही शिकवलं होतं. हवालदाराने शिट्टी मारली की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, त्याच्याजवळ जायचं, "साहेब, जाऊ द्या ना, ऑफिसला उशीर होतोय." इथे गाडीतून उतरून पोलिसाच्या दिशेने चालू लागणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. बापाने हे मुलाला कधी सांगितलेलं नसतं, कारण बाप स्वतः पंचवीस वर्षांत दोनदाच थांबवला गेला, तोही ऑफिसच्या कपड्यांत.

मागे लाल-निळे दिवे दिसले की इंडिकेटर देऊन उजवीकडे थांबायचं. काच खाली, गाडी बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू. दोन्ही हात स्टिअरिंगवर, शेजारी बसला असेल तर डॅशबोर्डवर. लायसन्स, विम्याचं कार्ड मागितल्याशिवाय हात हलवायचा नाही; मागितलं की "ते पाकिटात आहे, काढू का?" असं विचारून सावकाश काढायचं. मोबाइल पडला तर पडू द्यावा, वाकून उचलायचा नाही. गाडीत असताना आपापसात मराठीत कुजबुज नको, आणि फोनवर आईला मराठीत हाका तर नकोच. पोलिसाला कळत नाही, आणि न कळणारं त्याला आवडत नाही. उतर म्हटलं तर उतरायचं. १९७७ पासून सुप्रीम कोर्टाने पोलिसांना तो अधिकार दिला आहे. डिकी उघडू का, असं त्याने विचारलं तर मात्र शांतपणे "आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च" म्हणायचा हक्क मुलाला आहे. एवढं म्हणून थांबायचं, तरी झडती घेतलीच तर अडवायचं नाही. ताब्यात घेतलं तर दोन वाक्यं : मला वकील हवा, मी त्याच्याशिवाय बोलणार नाही. त्यानंतर खरंच गप्प. आपली मुलं इथेच नापास होतात. समजावून सांगितलं की समोरच्याला पटतं, असं त्यांना आपणच शिकवलेलं असतं.

एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. टेक्ससमध्ये फौजदारी कायद्याला १७ वर्षांचा मुलगा प्रौढच. पोलिसांनी चौकशीला बसवलं तर तुम्हाला बोलावलंच पाहिजे असं नाही. आणि मुलाकडे नागरिकत्व नसेल, तो तुमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या एच-४ व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असेल, तर "मान्य करून टाक, दंड भरू आणि सुटू" हा आपला लाडका शॉर्टकट विसरा. फौजदारी वकिलाच्या जोडीला इमिग्रेशनचा वकील गाठल्याशिवाय गुन्हा कबूल करायचा नाही.

या सगळ्याचा सराव करा. ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी करून ह्यांनी पोलीस व्हायचं, टॉर्च डोळ्यांवर मारायचा, आवाज चढवायचा. मुलगा हसेल. दुसऱ्यांदा हसणार नाही. २०१७ च्या कायद्याने टेक्ससच्या हायस्कुलांत आणि ड्रायव्हिंगच्या वर्गात हा धडा घातलाच आहे. पोलिसाने थांबवल्यावर कसं वागावं हे राज्याला शाळेत शिकवावं लागतं, यातच सगळं आलं.

हे सगळं बिनचूक केलं की झालं, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलांडो कॅस्टील नावाच्या, शाळेच्या जेवणघरात काम करणाऱ्या माणसाला थांबवलं. त्याच्याजवळ परवान्याचं पिस्तूल होतं आणि त्याने ते आपणहून, "सर" म्हणून सांगितलं. पुढच्या काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या, शेजारी मैत्रीण आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी असताना. पोलीस सुटला. तुमच्याच राज्यात, ह्यूस्टनजवळ प्रेअरी व्ह्यूला, जुलै २०१५ मध्ये सँड्रा ब्लँडला लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबवलं. पोलीस सिगारेट विझव म्हणाला, ती म्हणाली, मी माझ्या गाडीत आहे, का विझवू? तिचा प्रश्न योग्यच होता. तीन दिवसांनी ती तुरुंगाच्या कोठडीत मेलेली सापडली. आत्महत्या, असा निष्कर्ष निघाला. पोलिसांच्या गोळीने इथे दरवर्षी हजाराच्या आसपास माणसं मरतात, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. घराघरांत बंदुका आहेत; टेक्ससमध्ये तर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत हत्यार आहे असं धरूनच पोलीस काचेशी येतो, आणि समोरचा चेहरा काळा असला की ती भीती दुप्पट होते. शिवाय देशात पोलिसांची खाती सुमारे १८ हजार, प्रत्येकाचे नियम, शिस्त वेगळी. एका गावाने काढलेला पोलीस शेजारच्या गावात नोकरीला लागतो.

म्हणजे गाडीत दोघं असताना धोका जास्त कुणाला, तर त्या मित्राला. तुमच्या मुलाला त्याच्यापासून लांब ठेवून तुम्ही नेमकं काय वाचवलंत? रोज बरोबर असणाऱ्या मित्राला रात्री एकटं सोड, असं बापाने सांगितल्यावर मुलगा चिडला, हे मला तरी चांगल्या संस्काराचं लक्षण वाटतं. तो शब्द वापरला म्हणून रागावू नका. आपण घरात काय बोलतो ते आठवा. "तिकडे काळ्यांची वस्ती आहे, काच वर घे." "कुणाशीही लग्न कर, फक्त तेवढं नको." गणपतीच्या जेवणाच्या रांगेत मी हे कानांनी ऐकलंय, चांगल्या सुशिक्षित तोंडांतून. मुलांना मराठी बोलता येत नसेल, पण कळतं सगळं.

खरं तर आपल्याला हे शोभत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, शूद्र बांधवांना दास्यातून सोडवताना आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, तुमचा प्रश्न आणि आमचा प्रश्न किती सारखा आहे म्हणून. १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी दलित पँथर काढली आणि नाव घेतलं ते इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. आणि तुमचा-आमचा व्हिसा? १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा आला तो नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर. त्याच वर्षी मार्चमध्ये सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांनी कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी फोडून काढलं होतं. त्यांनी डोकी फोडून घेतली, दार आपल्यालाही उघडलं.

फोन हा राहिलेला मुद्दा. फोर्ट वर्थ तुमच्यापासून तासाभरावर. ऑक्टोबर २०१९ मध्ये अटाटियाना जेफरसन ही २८ वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या भाच्याबरोबर रात्री व्हिडिओ गेम खेळत होती. दार उघडं दिसलं म्हणून शेजाऱ्याने काळजीने पोलिसांचा साधा नंबर लावला. पोलीस मागच्या अंगणात शिरला, आपण कोण ते सांगितलंच नाही, आणि खिडकीतून गोळी घातली. त्याला जवळजवळ १२ वर्षांची शिक्षा झाली. फोन करणारा शेजारी भला माणूस होता.

मीही भलीच होते. सातआठ वर्षांपूर्वी डोअरबेल कॅमेऱ्यात एक काळा तरुण दिसला, आमच्या दारापर्यंत येऊन परत गेलेला. मी शेजाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, "कुणी ओळखतं का? संशयास्पद." आणि पोलिसांचा नंबर अर्धा दाबलाही. तेवढ्यात दोन घरं पलीकडच्या बाईचं उत्तर आलं : माझा मुलगा आहे, सुट्टीवर आलाय, तुमचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल ठेवून गेला. पार्सल पायरीवर होतं. मी ते उचलून आत आणलं, फोटो काढून टाकला, आणि त्या बाईंच्या दारात जायला मला दोन आठवडे लागले. आता फोन उचलण्याआधी मी स्वतःला विचारते : हा माणूस काय करतोय? "फिरतोय" हे उत्तर असेल तर फोन ठेवून देते. घरात कुणाला मानसिक त्रासाचा झटका आला तर २०२२ पासून ९८८ हा वेगळा नंबर आहे; तो फ्रिजवर लावून ठेवा.

ह्यांना सांगा, मुलाच्या खोलीत जाऊन "मी चुकलो" एवढंच म्हणा, पुढे भाषण नको. मग दोघा पोरांना एकत्र बसवून गाडीचे नियम ठरवा : कोण चालवणार, रस्ता कोणता, निघताना-पोचताना मेसेज, थांबवलं तर शेजारी बसलेल्याने हात डॅशबोर्डवर ठेवून सगळं लक्षात ठेवायचं, भांडण रस्त्यावर नाही तर दुसऱ्या दिवशी वकिलाबरोबर.

आणि त्या मित्राच्या आईला फोन करा. या विषयावर मी बोलले त्यापेक्षा ती जास्त बोलू शकेल. बहुतेक तिने आपल्या मुलाला तो सातआठ वर्षांचा असतानाच हे सगळं सांगून ठेवलं असेल. चहाला बोलवा. पोहे करा, तिचा मुलगा घरी जाऊन त्यांच्याविषयी बोलला असेलच.