बल्गेरियात वर्गमैत्रिणीने १ मार्चला मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. ही राखी समजायची का?

नाही, हा ‘मार्तेनित्सा’, म्हणजे वसंताच्या स्वागताचा दोरा. राखीशी त्याचा संबंध नाही. वर्गमित्र, शिक्षक, शेजारी, सगळेच तो एकमेकांना देतात, त्यामुळे नात्याचा अर्थ शोधत बसू नका. मी प्लोव्दिवला शिकत होतो तेव्हा मार्च उजाडला की एकेकाच्या हातात पाच-सहा दोरे असायचे. पांढरी आणि लाल लोकर एकत्र पिळून तो करतात; हौशी मुलं त्याच्याच दोन छोट्या बाहुल्या बनवतात, पांढरा पिझो आणि लाल घागऱ्यातली पेंदा. बांधताना ‘चेस्तिता बाबा मार्ता’ म्हणतात. (तिकडे बाबा म्हणजे आजी! मार्च महिन्याची ही आजी भारी लहरी: घटकेत ऊन, घटकेत बर्फ.) दोरा लगेच काढू नका. पहिला करकोचा, भिंगरी पक्षी किंवा बहरलेलं झाड दिसलं की सोडायचा आणि फांदीला बांधायचा. फक्त शेजारच्या रुमानियात हाच नियम धरू नका: तिथला ‘मर्त्सिशोर’ बहुधा छातीशी टाचतात, आणि बऱ्याच भागांत तो मुलींना, बायकांनाच देतात. २०१७ मध्ये युनेस्कोने मात्र दोन्ही प्रथा एकाच नोंदीत घेतल्या, सोबत मोल्दोवा आणि उत्तर मॅसिडोनियाच्याही.