इंग्रजीला तिसरा क्लास? आधी तो दंडाचा डबा बंद करा

पत्र : माझा चिरंजीव मराठी माध्यमातून दहावीला आहे. गणित-विज्ञानात ऐंशी टक्क्यांच्या पुढे असतो, पण इंग्रजीत सराव परीक्षेत ८० पैकी ३४ पडले. उत्तरपत्रिकेचे फोटो सोबत पाठवले आहेत. एक ट्यूशन आणि एक स्पोकन इंग्लिशचा क्लास चालू आहे. व्याकरण कच्चं आहे म्हणून मी स्वतः रोज पहाटे बारा काळ पाठ करून घेतो. घरात इंग्रजी वातावरण राहावं यासाठी संध्याकाळी सात ते नऊ फक्त इंग्रजीत बोलायचं, मराठी शब्द आला की एक रुपया दंड, असा नियम केला आहे. डब्यात दोनशेच्या वर रुपये जमले, तरी गुणांत फरक नाही, आणि हल्ली तो जेवताना बोलतच नाही. माझं इंग्रजी कच्चं राहिलं म्हणून मी कारकूनच राहिलो, त्याचं तसं होऊ नये. बोर्डाला दीड महिना उरला आहे. इंग्रजीसाठी खास तिसरा क्लास लावावा का? आणि अशा इंग्रजीवर त्याला सायन्सला पाठवावं का?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर :

नमस्कार. पत्र वाचून मला ३४ गुणांची फारशी चिंता वाटली नाही. "हल्ली तो जेवताना बोलतच नाही" या वाक्याची वाटली. ते तुम्ही दंडाच्या हिशेबाला जोडून, जाता जाता लिहून टाकलंय.

शाळा, ट्यूशन, क्लास असं करून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा दिवसात एकदाच निवांत तुमच्यासमोर बसतो, तो याच दोन तासांत. वर्गात काय झालं, कोण काय बोललं, प्रयोगाच्या तासाला काय बिघडलं, हे त्याला मराठीत सुचतं. इंग्रजीत सांगायला शब्द नाहीत आणि मराठीत सांगितलं तर रुपया जातो. गप्प बसायला मात्र काही पडत नाही. मुलगा गणितात हुशार आहे म्हणता. हिशेब त्यानं बरोबर केलाय. पत्रात त्याच्या आईचा उल्लेख नाही. सात ते नऊ त्या किती बोलतात, हेही एकदा बघा.

हे घरातलं झालं. पण उत्तरपत्रिकेतही तेच दिसतंय, म्हणून ते आधी सांगतो आणि तुमच्या प्रश्नांकडे नंतर वळतो.

तुमच्या मुलाचे ४६ गुण गेले. त्यातले चुकांमुळे गेलेले फक्त २१ आहेत. बाकीचे २५ गुण त्यानं पान कोरं ठेवल्यामुळे गेले. चौथ्या प्रश्नातला सारांश कोरा, ५ गुण. कवितेचं रसग्रहण कोरं, ५. पाचव्यातला संवाद कोरा, ५. सहावा प्रश्न अख्खा कोरा, १०. वेळ पुरला नसेल, असं तुम्ही म्हणाल. पण सातवा, म्हणजे शेवटचा भाषांतराचा प्रश्न त्यानं सोडवलाय आणि त्यात ५ पैकी ४ घेतलेत. तो शेवटपर्यंत पोचला होता. जिथे स्वतःची वाक्यं करायची वेळ आली, तिथे तो थांबला आणि पुढे गेला. चुकलं की दंड, हे ज्याच्या रोजच्या सवयीचं झालंय, तो परीक्षेतही चूक करण्यापेक्षा न लिहिणंच पसंत करतो. बोर्डात चुकीच्या वाक्याला दंड नसतो. मुद्दा बरोबर असला तर मोडक्यातोडक्या वाक्यालाही काहीतरी मिळतं. कोऱ्या पानाला मात्र हमखास शून्य.

तेव्हा डबा आजच बंद करा. आतले पैसे त्याला परत द्या आणि नियम मागे घेतला हे तोंडानं सांगा, नुसता गुपचूप सोडून देऊ नका. तुमची बढती का राहिली हे मला माहीत नाही. पण तुमच्या नोकरीतली खंत हा त्याच्या दहावीच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही, हे तुम्हाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

आता व्याकरण. 'आधी व्याकरण पक्कं, मग इंग्रजी' हा समज आपल्याकडे इतका खोल आहे की कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, उघडून गुण कोणी मोजतच नाही. मोजून बघा. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे आणि बाहेरचा एक, अशा तीन उताऱ्यांखाली व्याकरणाची एकेक कृती असते, प्रत्येकी २ गुणांची. झाले ६. पहिला प्रश्न १० गुणांचा आहे, पण त्यात शब्दांचे खेळ जास्त: गाळलेली अक्षरं भरणं, शब्द वर्णानुक्रमे लावणं, विरामचिन्हं देणं, एका मोठ्या शब्दातून किमान तीन अक्षरांचे चार शब्द काढणं, शब्दसाखळी. बारा काळांची नावं पाठ असल्यानं यातलं काहीच सुटत नाही. पहाटेची ती वेळ तुम्ही जेमतेम ६ गुणांच्या मागे घालवताय, आणि त्यातही काळ ओळखण्यापेक्षा वाक्य सांगितल्याप्रमाणे बदलून लिहायला जास्त येतं. काळ शिकू नयेत असं नाही. साधा वर्तमान आणि साधा भूतकाळ त्याला न अडखळता लिहिता आले, तर पत्र, संवाद, बातमी या सगळ्यांचं काम भागतं.

कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांपैकी दोन तर फारसं इंग्रजी न लिहिताही सुटणारे आहेत, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. सहाव्या प्रश्नाच्या पहिल्या भागात माहितीचं रूपांतर असतं आणि दोन पर्याय मिळतात: तक्ता किंवा आकृती बघून परिच्छेद लिहा, नाहीतर परिच्छेद वाचून तक्ता किंवा आकृती पूर्ण करा. त्यानं डोळे झाकून दुसरा पर्याय घ्यावा. परिच्छेदातले शब्द उचलून योग्य चौकटीत बसवायचे असतात, वाक्य करावं लागत नाही. उतारा ज्याला कळतो त्याला इथे ५ पैकी ४ सहज पडतात, आणि उतारा याला कळतो, हे त्याच्या दुसऱ्या प्रश्नातले गुण सांगतायत. तसंच संवादाचं. तिथे एका गुणासाठी उलटसुलट दिलेली वाक्यं नुसती क्रमानं लावायची असतात, दोन गुणांसाठी अर्धवट संवाद पूर्ण करायचा असतो, आणि उरलेल्या दोन गुणांसाठी किमान तीन देवाणघेवाणींचा संवाद लिहायचा. पहिले तीन गुण तर समोर वाढून ठेवलेले आहेत. शेजारी भाषणाचा पर्याय असतो. तो त्यानं वाचूही नये.

रसग्रहणाची भीती फुकाची आहे. मुद्दे कृतिपत्रिकेतच दिलेले असतात: शीर्षक, कवी, यमकरचना, एक अलंकार, मध्यवर्ती कल्पना. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक कवितेसाठी वहीचं एक पान करा आणि हे पाच मुद्दे त्यावर लिहून काढा. दोन ठिकाणी मुलं घसरतात. अलंकाराचं नाव लिहितात, पण तो कोणत्या ओळीत आहे ती ओळ देत नाहीत. आणि मुक्तछंदातल्या कवितेलाही ओढूनताणून यमक लावतात. तिथे 'फ्री व्हर्स' एवढंच लिहायचं. मध्यवर्ती कल्पना दोन-तीन ओळींची पुरते. ती गाइडमधून पाठ करू नये. त्यानं आधी मराठीत सांगावी, मग तिचं सोप्या इंग्रजीत दोन वाक्यांत रूपांतर करावं. गाइडमधला अवघड शब्दांचा परिच्छेद अर्धा आठवतो आणि मधेच तुटतो. मग पुन्हा पान कोरं.

सारांशालाही ठरलेली पायरी आहे. चौथ्या प्रश्नातला उतारा त्यानं वरच्या कृती सोडवताना वाचलेलाच असतो. त्यातली चार-पाच मुख्य वाक्यं पेन्सिलनं खुणावायची, उदाहरणं आणि आकडे गाळायचे, उरलेलं आपल्या वाक्यांत मूळ उताऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात, एकाच परिच्छेदात लिहायचं. स्वतःचं मत घालायचं नाही. वर तीन-चार शब्दांचं शीर्षक द्यायचंच. ते विसरणारी मुलं बरीच असतात.

दुसऱ्या प्रश्नात त्याचे ८ गुण गेलेत. त्यातले निम्मे तरी सूचना न वाचल्यामुळे गेलेले दिसतात. त्यानं एकेका शब्दात उत्तरं दिलीत. कृतिपत्रिकेच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की उत्तर पूर्ण वाक्यात हवं, एका शब्दाच्या उत्तराला पूर्ण गुण नाहीत. जाळं (वेब), ओघतक्ता (फ्लोचार्ट), चौकट ही जशी दिली तशी काढून त्यात उत्तर भरायचं असतं. नुसते शब्द खाली लिहिले तर गुण जातात. पर्यायाच्या कृतीत नुसता पर्यायाचा क्रमांक चालत नाही. एकाच कृतीची दोन उत्तरं लिहिली तर दोन्ही बाद. आणि प्रश्नांचा क्रम सांभाळायचा असतो, त्यामुळे 'सोपं आधी, अवघड मागून' ही गणितातली युक्ती इथे चालवू नये. या सूचना त्यानं एकदा मराठीत लिहून टेबलासमोर चिकटवाव्यात.

क्रम बांधलेला असल्यामुळे घड्याळ महत्त्वाचं. तीन तासांची विभागणी अशी करा: पहिला प्रश्न २० मिनिटं, दुसरा ४०, कविता २०, चौथा ३५, पत्र आणि संवाद २५, सहावा २०, भाषांतर ८. बारा मिनिटं हातात उरतात, ती सुटलेल्या जागांसाठी. पत्राबद्दल थोडक्यात: औपचारिक आणि अनौपचारिक यांचे मायने एकमेकांत मिसळू नका, प्रश्नात दिलेलं नाव-पत्ता वापरा, आणि जाहिरातीत किंवा पत्रकात जे मुद्दे दिलेत ते सगळे मजकुरात आले पाहिजेत. त्याच्या पत्रात मायना ठीक आहे, मुद्दे दोनच आलेत. म्हणून ५ पैकी २.

रोजचा अभ्यास चाळीस मिनिटांचा पुरे. कोरा राहिलेला एक प्रश्न घ्यायचा, वेळ लावून लिहायचा, अडेल तिथे मराठी शब्द कंसात टाकून पुढे जायचं, पण थांबायचं नाही. नंतर त्या कंसांपुरता शब्दकोश उघडायचा. तपासायला शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना द्या आणि त्यांना सांगा की एका वेळी दोनच चुका दाखवा. तुम्ही तपासू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या हातातलं लाल पेन त्याला आणखी एक डबाच वाटेल.

आता क्लासचं. तिसरा लावू नका, आणि दुसराही थांबवा. स्पोकन इंग्लिश वाईट नाही, पण आत्ता त्याचा उपयोग नाही. लेखी परीक्षा ८० गुणांची आहे. श्रवण-संभाषणाचा संबंध येतो तो शाळेकडच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात, आणि त्यासाठी वेगळी फी भरावी लागत नाही. भरलेली फी वाया जाईल म्हणून मुलाला पाठवत राहू नका.

टक्केवारीची धास्ती तर सोडूनच द्या. मंडळाची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते. इंग्रजी सगळ्यात खाली राहिलं तर ते त्या बेरजेत येतच नाही. त्यात पास मात्र व्हावं लागतं. तुमचा मुलगा ३४ च्या जागी ५० वर येणं सहज शक्य आहे, तेही कोऱ्या २५ मधले १६ गुण मिळवून. पण ते ७० व्हावेत म्हणून गणिताचा वेळ तोडलात, तर नुकसानच होईल.

सायन्सला पाठवावं का? गणित-विज्ञान असं असेल आणि त्याचीही इच्छा असेल, तर जरूर. त्याला विचारलंय का, हे पत्रात कुठे दिसत नाही. मेडिकलची 'नीट' आणि इंजिनिअरिंगची 'जेईई मेन' या दोन्ही प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येतात, त्यामुळे इंग्रजी कच्चं म्हणून दार बंद, असं काही नाही. अकरावीत मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र इंग्रजीतून शिकवतात आणि पहिले दोन-तीन महिने जड जातात. त्याची तयारी बोर्ड संपल्यावर करा, तिला क्लास लागत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीच्या विज्ञानाची इंग्रजी माध्यमाची दोन्ही पुस्तकं मोफत मिळतात. 'गुरुत्वाकर्षण' त्याला मराठीत येतंच. तोच धडा इंग्रजीत वाचला की अर्थ आधीच माहीत असतो, फक्त शब्द नवे राहतात. शेजारी मराठी पुस्तक उघडं ठेवायचं, एका पानावरचे नवे शब्द वहीत जोडीनं उतरवायचे, आठवड्याला एक धडा. सुरुवात पहिल्याच धड्यापासून हवी असं नाही, त्याला जो सगळ्यात आवडतो तिथून करू दे.