आधी कोण, कुठे, कधी

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र वाचलं. कायदा शिकावा, पोलीस दलात जावं की संशोधन करावं, या तिढ्यात तू अडकली आहेस. पण मला अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अगं, चार पानांत गरिबी आहे, बेकारी आहे, सडलेली व्यवस्था आहे. एकही रस्ता नाही, एकही वेळ नाही. शहरातल्या हिंसेवर काम करायचं तर आधी कोण, कुठे, कधी. 'का' त्यानंतर.

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहराचे जोनाथन शेफर्ड हे चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. इस्पितळात येणाऱ्या मारहाणीच्या कितीतरी घटना पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग तातडीच्या विभागातल्या नोंदणीच्या खिडकीवरच जखमीला विचारायला सुरुवात झाली: नेमकं कुठे झालं, किती वाजता, कशानं मारलं? नाव गाळून ही माहिती पोलिसांकडे आणि पालिकेकडे जायची. गस्त कुठे वाढवायची, कोणत्या बारला जाब विचारायचा, हे त्यावरून ठरायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत, मारहाणीमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. खिडकीवरच्या त्या तीन प्रश्नांना कमी लेखू नकोस.

कोलंबियातल्या काली शहराचे नव्वदच्या दशकातले महापौर रॉड्रिगो गुएरेरो मुळात साथरोगतज्ज्ञ. त्यांनी खुनांचे दिवस तपासले, तर शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि पगाराच्या दिवसांनंतरचा काळ वर आला. त्या दिवसांपुरती बंदूक जवळ बाळगून फिरायला बंदी घातली. बंदीच्या काळात खुनांचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे पुन्हा तेच: कोण, कुठे, कधी.

आता 'ही तर वरवरची मलमपट्टी' असं मात्र लिहू नकोस. ते मी आयुष्यभर ऐकत आले. गरिबांबद्दल मला आस्था नाही, असंही भर बैठकीत तोंडावर म्हणून झालं. पण मरणारी मुलं गरिबांचीच असतात ना? गरिबी हटेपर्यंत त्यांना कोणत्या तोंडानं थांबायला सांगू? मी हट्टी आहे म्हणतात, असेन. या बाबतीत मी एक इंचही मागे सरणार नाही.

खंत आहे ती दुसरीच. चांगलं चाललेलं काम टिकत नाही. बोस्टनमध्ये १९९६ साली मोजक्या टोळ्यांतल्या तरुणांना समोर बसवून सांगितलं गेलं: थांबलात तर मदत, पुन्हा गोळी चालली तर अख्ख्या टोळीवर कारवाई. तरुणांचे खून झपाट्यानं घटले. २००० च्या सुमारास ते काम सुटलं आणि पुढच्या वर्षांत खून पुन्हा वाढले. माझ्या डोळ्यांदेखतही असा एक उपक्रम बंद पडला. वरचे अधिकारी बदलले, निधी आटला, माझे आकडे कुणी उघडूनही पाहिले नाहीत. म्हणून धोरण म्हणजे नुसता मसुदा लिहिणं नव्हे. दर वर्षी त्याच निधीसाठी त्याच लोकांशी भांडणं हेही त्यात आलं. त्याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच सांग, माझा राग नाही.

पदवी कुठलीही चालेल, संख्याशास्त्र मात्र चुकवू नकोस. आणि टोळी सोडून आता भांडणं मिटवायला रस्त्यावर उतरणारी माणसं भेटली, तर त्यांच्यासमोर वही मिटून आधी ऐक. आज रात्री कोण कुणाच्या मागावर आहे, हे त्यांना तुझ्या तक्त्याआधी कळतं.

पुढच्या पत्रात व्यवस्था नको. एक चौक निवड, वर्षभरात तिथे झालेल्या मारामाऱ्यांच्या नोंदी मिळव आणि दिवस-वेळेसकट पाठव. नावं गाळून. मग कायदा की पोलीस, ते बोलू.

तुझी,
बाई