वाचक विचारतात : कॉफी-केळ्याची स्मूदी पाणचट का होते?

प्रश्न : केळी, दूध, कॉफी पावडर आणि भरपूर बर्फ घालून स्मूदी केली. पाणचट झाली आणि तळाशी कडू गाळ राहिला. काय चुकलं? (नाशिक)

उत्तर : दोन गोष्टी चुकल्या. बर्फ विरघळला की कॉफी आणि फळ दोन्ही फिकी पडतात; गारवा फळातूनच यायला हवा. आणि गाळ राहिला म्हणजे बहुधा फिल्टर कॉफीची पूड थेट भांड्यात गेली. ती विरघळत नाही, तिचा अर्क काढावा लागतो.

दोन ग्लासांसाठी सालीवर काळे ठिपके आलेली दोन मध्यम केळी घ्या. ठिपके म्हणजे पिठूळपणा जाऊन साखर तयार झाल्याची खूण. मग वरून साखर लागत नाही. सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करा, स्टीलच्या ताटलीत सुट्या मांडून चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. सालासकट गोठवू नका, साल नंतर निघता निघत नाही.

फिल्टरच्या पुडीचे तीन मोठे चमचे, त्यावर १०० मिली उकळतं पाणी, वीस मिनिटं थांबा. साधारण ६० मिली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं. फिल्टर नसेल तर पूड गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून पातळ कापडातून गाळा. इन्स्टंट असेल तर दोन छोटे चमचे ६० मिली गरम पाण्यात. काहीही असो, पूर्ण गार करा. गरम कॉफीने गोठलेलं केळं वितळतं, शिवाय बंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडू शकतं.

मिक्सरमध्ये आधी २०० मिली गार दूध आणि कॉफी, मग बिया काढलेले दोन खजूर, शेवटी केळं. उलट क्रमाने घातलं तर चकत्या पात्याभोवती अडकतात आणि पातं नुसतं हवेत फिरतं. आधी दहा-दहा सेकंदांचे तीन झटके, मग सलग अर्धा मिनिट. त्याहून जास्त फिरवलं की फेस वाढतो आणि मिश्रण कोमट होतं. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

प्रश्न : केळ्याऐवजी अननस किंवा संत्रं चालेल का? (पुणे)

उत्तर : दुधाबरोबर नको. संत्र्याच्या आंबटपणाने दूध फाटतं, आणि कॉफी स्वतःही थोडी आम्लच असते. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. पेला थोडा वेळ ठेवला तरी कडवट होतो. चिकू मात्र घ्याच! घोलवडच्या चिकूचा गुळासारखा गोडवा कॉफीशी फार सुरेख जमतो. दोन केळ्यांच्या जागी चार चिकू, खजूर वगळा. नखाने साल खरवडून पाहा; खाली हिरवं दिसलं तर तो कच्चा आहे. त्याचा तुरटपणा कॉफीत आणखी उठून दिसतो आणि जीभ ओढल्यासारखी होते.

प्रश्न : रात्री करून सकाळी डब्यात देता येईल? (ठाणे)

उत्तर : नाही. केळं काळं पडतं, पाणी सुटतं. रात्री चकत्या आणि खजूर एका डब्यात गोठवा, डिकॉक्शन बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी दूध ओतून फिरवायला दोन मिनिटं पुरतात.