आठवीतच शाळा म्हणते, एलसी काढून घ्या

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या शाळेत सहावीपासून मार्कांवर वर्ग पाडतात, अ मध्ये हुशार आणि ड मध्ये उरलेले, हा ड मध्ये. परवा बोलावून सांगितलं की नववीत याला झेपणार नाही, आत्ताच अर्ज देऊन एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घ्या, दुसरीकडे आरामात पास होईल. उत्तरायणला हाच मुलगा गेंडीगेटच्या बाजारातून कोडीनं, म्हणजे वीस-वीसच्या गठ्ठ्यानं, पतंग आणून सोसायटीत विकतो, छोट्या डायरीत सगळा हिशोब असतो, आणि गणितात १०० पैकी २२. आता म्हणतो मी ढच आहे, ट्यूशनचे पैसे कशाला घालवता. काय करू?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, आधी एक करा, त्या अर्जावर सही करू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढता येत नाही, म्हणून तर असं बोलावणं बरोब्बर आठवीत येतं आणि अर्ज तुमच्याकडून मागतात, म्हणजे कागदावर शाळेनं काढलंच नाही! दहावीच्या शंभर टक्के रिझल्टचे जे बॅनर लागतात ना, त्यातले कितीतरी असेच आधी पोरं गाळून लागलेले असतात.

मार्कांवर पोरं अशी वेगळी काढणं इंग्लंडमध्ये सरकारनंच करून बघितलंय. १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा, पास झाले ते ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे हुशारांच्या शाळेत, बाकीचे बहुतेक सेकंडरी मॉडर्न नावाच्या साध्या शाळांमध्ये, आणि त्यातली कितीतरी मुलं कुठलंच सर्टिफिकेट न घेता पंधराव्या वर्षी कामाला लागली. १९६५ मध्ये सरकारनं ही पद्धत बंद करायला सांगितलं, तरी काही भागांत ती अजून चालूच आहे.

तुमच्याकडे तर अशी वेगळी परीक्षाही नाही, नुसती सहावीची मार्कशीट. शाळेत जाऊन एवढंच विचारा की अ वर्गाला गणित कोण शिकवतं आणि ड ला कोण. अनुभवी सर अ ला आणि दर वर्षी बदलणारे नवे शिक्षक ड ला असं असेल तर २२ मार्क एकट्या मुलाचे नाहीत.

आता लोक सांगतील आयटीआयला घाला. आयटीआय वाईट नाही हो, आपल्याच गावात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, रंगकाम, सुतारकाम, ड्रॉइंग शिकवायला, दादासाहेब फाळके तिथे शिकलेत. पण तेराव्या वर्षी तू हातानंच काम करणार असं ठरवून टाकणं ही पण चाळणीच झाली, म्हणून आत्ता त्याच्यासमोर विषय काढू नका. दहावीनंतर डिप्लोमा आहे, त्यावरून डी टू डी नं, म्हणजे डिप्लोमा टू डिग्रीनं, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआय केलं तरी पुढे सी टू डी, म्हणजे सर्टिफिकेटवरून डिप्लोमा, आहे. दहावीला बेसिक, म्हणजे सोपं, गणित पण घेता येतं, गुजरात बोर्डात आणि सीबीएसईतही, फक्त त्यानं अकरावीच्या सायन्सला काय अडतं ते आधी विचारून घ्या.

ट्यूशन मात्र बदला. चाळीस पोरांच्या बॅचमध्ये पण अ आणि ड असतातच. त्यापेक्षा कॉलेजातला एखादा मुलगा बघा जो तासभर एकट्याला घेऊन बसेल आणि सहावीच्या अपूर्णांकापासून सुरू करेल. वीस पतंगांची कोडी केवढ्याला आणली आणि एकामागे किती सुटले हे ज्याला कळतं त्याला भागाकार येतो, पेपरात मांडता येत नाही एवढंच. पहिल्या दिवशी पुस्तक नको, ती डायरीच पुढे ठेवा.