स्टॉपरच्या जागेवरून टचलाइनवर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. अजून चार-पाच सीझन खेळण्याइतकं अंग तुझ्यात आहे आणि तरी तू फुटबॉल कोचिंगचं विचारतोस, याचा मला आनंद झाला. बहुतेक जण गुडघा गेल्यावर किंवा क्लबने करार वाढवला नाही की विचारतात. तेव्हा उशीर झालेला असतो. वयाचं मी म्हणत नाही. खेळता खेळता प्रशिक्षकाच्या नजरेने मॅच बघण्याची सवय लावून घ्यायची वर्षं तोवर हातातून गेलेली असतात.

महेश गवळीचं उदाहरण देतो, कारण तुझी आणि त्याची जागा एकच. गोव्याचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू. 2003 मध्ये जकार्तात ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला 3-1 ने हरवून आग्नेय आशियातल्या क्लबांची आसियान स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता. पुढे गोव्याचा डेम्पो क्लब. भारतीय संघातही खेळला. लोकांना त्या स्पर्धेतला फॉरवर्ड बायचुंग भुतिया आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. स्टॉपरचं चांगलं काम म्हणजे जे घडलंच नाही ते. त्याची क्लिप कोण काढणार? खेळणं थांबल्यावर तो प्रशिक्षणात आला आणि राष्ट्रीय संघात तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक याचा सहायक झाला.

2023 च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत, बेंगळुरूला, लाल कार्डांमुळे स्टिमॅकवर बंदी आली. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, गवळी उभा राहिला. उपांत्य सामन्यात लेबनॉनविरुद्ध स्टॉपर संदेश झिंगनही कार्डांमुळे बाहेर होता. म्हणजे मुख्य प्रशिक्षक नाही आणि बचावाचा म्होरक्याही नाही. मध्ये अन्वर अली आणि मेहताब सिंग. एकशे वीस मिनिटं गोल खाल्ला नाही, पेनल्टीवर 4-2 ने जिंकलो. 4 जुलैला अंतिम सामन्यात कुवेतने आधी गोल केला, सहलच्या पासवर छांगतेने बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक गुरप्रीतने शेवटचा फटका अडवला, 5-4. ते दोन्ही सामने मिळव आणि पुन्हा बघ. या वेळी बॉल सोडून दे, फक्त आपली मागची फळी बघ. कोण वर सरकतो, कोण थांबतो, ते लिहून काढ.

सहायकाचं काम कमी प्रतीचं समजू नकोस, हे मी मुद्दाम सांगतोय. संघाची खरी कुंडली सहायकाकडे असते. कोणाचा घोटा दुखतोय, कोण बेंचवर बसून कुढतोय, कोणाला डावीकडून क्रॉस आला की पाठीमागचं दिसत नाही. गवळीला ते आधीपासून माहीत होतं, म्हणून त्याला ऐन वेळी संघ समजून घ्यावा लागला नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. 'मी बचावपटू, मला अटॅक शिकवता येईल का?' येईल. मात्र त्याआधी बचाव शिकवता येतो का ते बघ, कारण माझ्या मते तेच जास्त अवघड जातं. फॉरवर्ड पाठ करून बॉल घेतो तेव्हा तू हातभर अंतर ठेवतोस, तो वळला की अंग तिरकं करतोस, एक पाय मागे घेतोस आणि त्याला आतला रस्ता बंद करून साइडलाइनकडे ढकलतोस. हे सगळं तू विचार न करता करतोस. तेरा वर्षांच्या पोराला मात्र विचार न करता करायला सांगता येत नाही. त्याच्यासाठी ते सुटं करावं लागतं: आधी अंतर, मग पाय, मग नजर. चांगले खेळाडू इथेच अडकतात आणि 'अरे, दिसत कसं नाही तुला?' म्हणून ओरडतात.

वीस बाय पंधरा मीटरचा चौकोन आखून दोनास दोन खेळव. अट एकच: बचाव करणाऱ्या दोघांनी बोलायचंच. जो बॉलवर जातो त्याला मागचा सांगेल, डावीकडे ढकल, कव्हर आहे. चूक झाली की शिट्टी मार, सगळ्यांना जागच्या जागी थांबव आणि पोराला विचार, 'आत्ता तू कुठं बघत होतास?' उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ते गप्प राहणं शिकायला वेळ लागतो.

आणि बोलणं ही तुझी कमाई आहे, ती विसरू नकोस. स्टॉपरसमोर सगळं मैदान असतं. त्याला स्वतःच्या पायांपेक्षा दुसऱ्यांच्या पायांकडून काम करून घ्यावं लागतं. प्रशिक्षकाचंही तेच, फक्त रेषेबाहेरून.

अपेक्षा मात्र जमिनीवर ठेव. डेरिक परेरा गोव्याच्या साळगावकर क्लबचा बचावपटू. प्रशिक्षक म्हणून त्याने महिंद्रा युनायटेडला 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. नंतर पुणे एफसी. 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, बालेवाडीचा हा संघ दुसरा आला. मुंबईत फुटबॉल खेळण्याचा पगार देणारा महिंद्रासारखा क्लब 2010 मध्ये बंद झाला, पुणे एफसीही पुढे राहिला नाही. तरी परेरा फुटबॉलमध्येच राहिला. एफसी गोवामध्ये पडद्यामागची कामं केली, आणि डिसेंबर 2021 मध्ये तिथला मुख्य प्रशिक्षक हुआन फेरांडो मध्येच सोडून गेला तेव्हा तोच मुख्य प्रशिक्षक म्हणून उभा राहिला. क्लब बुडतात, मालक कंटाळतात. महाराष्ट्रात राहून हे काम करणाऱ्याने हे गृहीतच धरलं पाहिजे. नोकरी असेल तर ती इतक्यात सोडू नकोस.

प्रशिक्षकाच्या परवान्याचं: डी पासून सुरुवात, मग सी, बी, ए, आणि सगळ्यात वर एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, प्रो. प्रत्येक पायरीच्या मध्ये प्रत्यक्ष संघ हाताळल्याचा अनुभव लागतो, म्हणून डी खेळत असतानाच उरकून टाक. सीझन संपला की बॅच कधी आहे ते वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेकडे, विचार. फी तुला जड जाणार असेल तर मला आधी सांग, संकोच करू नकोस.

तोवर तुझ्या पेठेतल्या तालमीतली लहान पोरं घे, आठवड्यातून दोन संध्याकाळी. दर सरावाचा आराखडा वहीत लिहायचा आणि खाली एक ओळ, काय जमलं नाही याची. पहिल्या चार सरावांचे फोटो मला पाठव, लाल पेनने खुणा करून परत पाठवीन.

तुझा,
सर